रेडिओचे दोनशे चाळीस

प्रेमिला मेश्राम नागपूरच्या एका कॉलेजात पाली शिकवायची आणि तीन महिन्यांतून एकदा रेडिओवर गायची. चाली गोविंदा वासनिकच्या असत. गोविंदा सदरमधल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. रविवारी सकाळी इंदोऱ्याच्या विहारामागच्या खोलीत तो पेटी घेऊन बसे आणि आठवडाभर डोक्यात घोळवलेली चाल तिला देई. एखादी ओळ तीस वेळा घ्यावी लागली तरी त्रासत नसे. तालीम संपली की सायकल हातात धरून कोपऱ्यापर्यंत तिच्याबरोबर चालायचा. बोलणं गाण्याचंच. त्याच्या मनात काय आहे ते तिला कळत होतं, तिच्या मनातलं त्यालाही कळत असावं. घाई दोघांनाही नव्हती.

बहात्तर साली तिचे वडील, रामाजी, दम्यानं घरी बसले. दोन भाऊ शिकत होते. घर तिच्या पगारावर आलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत इन्कम टॅक्सचा कागद भरायला ती कॉलेजच्या ऑफिसात गेली. हेडक्लार्क भैय्याजी वीस वर्षं सगळ्यांचे कागद भरून देत. माणूस सरळ होता, कोणाचा चहासुद्धा घेत नसे.

"बाई, हे रेडिओचे दोनशे चाळीस तुमच्या पगारात जुळवले का पंचाईत होते," ते म्हणाले.

"काहून?"

"तुमचा पगार खालच्या टप्प्याच्या काठावर आहे. हे पैसे आले का तुम्ही वरच्या टप्प्यात जाता. मंग वरचा दर साऱ्याच कमाईवर लागते. दोनशे चाळीस कमावून चारशे जादा भरावे लागतीन."

चारशे म्हणजे धाकट्याची वर्षाची फी आणि पुस्तकं. तिनं पुन्हा विचारलं नाही. रेडिओला कळवलं, पुढचे कार्यक्रम करता येणार नाहीत.

गोविंदानं ऐकून घेतलं. "रेडिओ नाही तर नाही. आपण इथं गात राहू," तो म्हणाला.

पण पुढच्या रविवारी ती निघाली तेव्हा आईनं विचारलं, "रेडिओ तं बंद केला न? मंग आता कुठं चालली वं?" प्रेमिला चप्पल काढून परत आत गेली. भेटायला कारण लागतं, आणि त्यांच्याजवळ ते एकच होतं.

दोन वर्षांनी गोविंदा कॉलेजच्या फाटकाशी उभा दिसला.

"रायपूरले फोरमनची जागा भेटून राहिली," तो म्हणाला.

"चांगलं झालं."

"जाऊ?"

नका जाऊ, हे तिच्या ओठांवर होतं. पण कोणत्या हक्कानं म्हणायचं? "जा न," ती म्हणाली. तो सायकलवर बसून गेला. वर्षभरानं त्याचं लग्न झाल्याचं विहारातच कोणीतरी सांगितलं.

भाऊ शिकले, नोकरीला लागले, आपापल्या संसारात गेले. रामाजी वारले. प्रेमिला आणि आई उरल्या. गाण्याचा कार्यक्रम लागला की ती उठून रेडिओ बंद करी. तरी वर्गात गाथा म्हणताना आवाज मधेच त्याच्या एखाद्या चालीत शिरायचा. ती थांबायची, पोरी वहीतून मान वर करून बघायच्या.

एक्याऐंशीच्या फेब्रुवारीत स्टाफरूममध्ये कागद भरणं चालू होतं. कॉमर्सची नवी बाई, शामला, एका सरांना समजावत होती. पगारवाढ नको म्हणून ते अर्ज करायला निघाले होते. कारण तेच, वरचा टप्पा.

"सर, असं नसते," शामला म्हणाली. "सोपे आकडे घेऊ. समजा, सहा हजारांपर्यंत काहीच नाही. तिथून दहापर्यंत शेकडा दहा. दहाच्या वर शेकडा वीस. तुमची कमाई दहा हजार शंभर झाली, तं वीसचा दर फक्त वरच्या शंभरावर. खालच्या दहा हजारांचा कर होता तेवढाच राहते."

प्रेमिलानं पेन खाली ठेवलं. "म्हणजे साऱ्यावर लागत नाही?"

"नाही न ताई. दहा हजारांवर चारशे. वरच्या शंभराचे वीस. झाले चारशे वीस. साऱ्या कमाईशी ताडून पाहा, शेकडा चार रुपये अन् थोडे पैसे. तुमच्यावरचा खरा भार तेवढा. वीसचा आकडा शेवटच्या रुपयाचा आहे, लोक त्यालेच पाहून घाबरतात. जादा कमावलं तं हातात जादाच येते."

प्रेमिलानं कोऱ्या कागदावर शामलाच्याच दरानं दोनशे चाळीसचा हिशेब मांडला. सगळेच्या सगळे वरच्या टप्प्यात धरले तरी कर अठ्ठेचाळीस. हातात एकशे ब्याण्णव. तिनं तीनदा करून पाहिला. नऊ वर्षं. कोणाचा राग करावा हेही तिला कळेना.

रविवारी ती भैय्याजींच्या घरी गेली. ते निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. डोळ्यांना कमी दिसत होतं. तिनं भांडायचं ठरवलं नव्हतं, नुसतं सांगितलं.

"मले माझ्या आधीच्या हेडक्लार्कनं तसंच शिकवलं होतं," ते म्हणाले. "बाई, मी सुपरिंटेंडंटची जागा सोडली यापायी. घरी म्हटलं, पगार वाढून हातात कमी येईन. बायको गेली माझी, शेवटपर्यंत तिले वाटे मी लय हिशेबी माणूस आहे." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "तुमचं गाणं मी ऐकत होतो. बंद झालं तेव्हा मलेच वाईट वाटलं होतं."

वाटेत थोडा राग आला होता, तोही आता उरला नाही. तिनंच उठून त्यांना पाणी दिलं.

पुढे पावसाळ्यात तिनं रेडिओवर आवाजाची परीक्षा दिली. वरचे सूर पूर्वीसारखे लागत नव्हते, पण पास झाली. गायला तिनं गोविंदाचीच चाल निवडली. पेटीवर एक अनोळखी म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी चाल एकदा ऐकली आणि विचारलं, "कोणाची आहे?" तिनं नाव सांगितलं. ते त्यांनी कागदावर लिहून निवेदिकेकडे दिलं.

गाणं लागलं त्या संध्याकाळी आई आणि ती रेडिओजवळ बसल्या. स्वतःचा आवाज तिला परका, जरा जाडसर वाटला. गाणं संपल्यावर निवेदिका म्हणाली, "गायिका प्रेमिला मेश्राम, संगीत गोविंदा वासनिक." मग बाजारभाव सुरू झाले.

आईनं आवाज बारीक केला. "तो आता कुठं असते वं?"

"रायपूरले."

"तिथं ऐकू जाते का आपलं स्टेशन?"

"जात असन," प्रेमिला म्हणाली, आणि हात रेडिओवर तसाच ठेवून बसून राहिली.