नाझमियेच्या दारात मुका झालेला ढोल

रुश्तूने सख्ख्या बहिणीच्या दारात ढोल बंद करायला लावला, ही गोष्ट गुलिझार म्हातारीच्या घशाखाली काही केल्या उतरेना. तिच्या या थोरल्याने बहिणीच्या कौलांवर दगड मारला असता, तर तिने चार शिव्या हासडून विषय संपवला असता. पण ढोल? त्यांच्या गावात वाजतगाजत निघालेली मिरवणूक एकाच दारापुढे मुकी होते. ज्या घरातून नुकतंच मयत उठलंय, त्या.

आणि नाझमियेच्या घरातून कुणाचंही मयत उठलं नव्हतं. तिचा इल्काय जिवंत होता, धडधाकट होता. लष्कराच्या तुरुंगात होता, एवढंच. भरतीचा हुकूम आला तेव्हा तो पळाला नाही की लपला नाही. छावणीच्या फाटकापुढे उभा राहून म्हणाला, "मी कुणावर बंदूक धरणार नाही. न्यायचं तिथे न्या." त्यांनी नेलं. सुटला की परत छावणीत उभा करायचे, तो परत नाही म्हणायचा, की परत कोठडी. पहिल्यांदा गुलिझारही संतापली होती. "खेचराला पोरं होत नाहीत, नाहीतर खेचराचाच म्हटला असता," असं ती चारचौघांत बोलली होती. पण भेटीला गेली, पोराचा सुजलेला गाल पाहिला, त्याने "आजी, द्राक्षं कशी आहेत यंदा?" असं विचारलं, आणि म्हातारीचा राग जो फिरला तो गावाकडे तोंड करूनच.

द्राक्षं कशी असणार? काढणीला या गावात कुणी मजूर लावत नाही. आज तुझ्या मळ्यात सगळे, उद्या माझ्या मळ्यात सगळे, अशी पाळी असते. नाझमिये नवरा गेल्यापासून सगळ्यांच्या पाळीला राबली. तिची पाळी आली तेव्हा एक माणूस फिरकला नाही. गुलिझार आणि ती, मायलेकींनी दोघींनीच घड तोडले, वाळत घातले. निम्मे वेलीवरच सडले. सख्ख्या भावाचा मळा बांधाला बांध लागून, आणि तो पलीकडून टोपी डोळ्यांवर ओढून निघून गेला.

आज त्याच रुश्तूच्या तोल्गाची सैन्यात पाठवणी होती. निशाण काय, ढोल काय, सनई काय! नाझमियेच्या दारात मुकी झाली ती हीच मिरवणूक. आणि तोल्गा जाणार होता कुठे? ते सून सबाहतनेच सकाळी नळावर तिच्या कानात सांगितलं होतं. "सासूबाई, यांनी ओळख लावली. समुद्राकाठचं साहेबांचं विश्रामगृह. चहा द्यायचा, बस. बंदूक दिसायची पण नाही!"

संध्याकाळी म्हातारी नाझमियेच्या घरी गेली. नाझमिये उद्याच्या भेटीसाठी पोराचे धुतलेले बनियन घडी करत होती.

"ऊठ. मेंदीला चल."

"नको आई. दादाने निरोप धाडलाय. यायचं तर चुलीकडे ये, बायकांत बसू नकोस म्हणे."

"त्याच्या बापाचं अंगण आहे का ते?"

"हो," नाझमिये म्हणाली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "बापाचंच आहे."

"मग त्याच बापाची तू पण आहेस. तोंड धू."

अंगणात सगळं गाव जमलं होतं. मधल्या खुर्चीत लाल ओढणी खांद्यावर टाकून तोल्गा बसलेला, ओठावर नुकती फुटलेली मिशी. जाणाऱ्या शिपायाच्या तळहाताला घरातल्या सगळ्यात वडील बाईने मेंदी लावायची, हा रिवाज. गुलिझारने लेकीला हाताला धरून थेट पुढे आणलं आणि आपल्याशेजारी बसवलं. बायका सरकून बसल्या. जागा द्यायला नव्हे, अंग लागू नये म्हणून.

रुश्तू वाकून पुटपुटला, "आई, आजचा दिवस तरी. लोक काय म्हणतील?"

"लोकांना विचारून तुला जन्म दिला नव्हता. बाजूला हो."

सबाहतने वाटी पुढे केली. म्हातारीने तोल्गाचा हात धरला. मऊ होता, घामेजलेला.

"बाळा, मेंदी तिघांना लावतात. कुर्बानीच्या मेंढ्याला, नवरीला आणि शिपायाला. तिघांनाही कुणी विचारत नाही. मी विचारते. तुला जायचंय?"

तोल्गाने बापाकडे पाहिलं. "आजी... बाबांनी ठरवलंय ना सगळं."

"ते ठाऊक आहे. तुझं काय?"

"इल्कायसारखं मला जमलं नसतं," तो इतक्या हळू बोलला की फक्त पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं. पण त्या दोन रांगा पुरेशा होत्या.

"वा!" रुश्तू कडाडला. "पळपुट्याचं नाव माझ्या अंगणात! आई, तूच भरवतेस हे पोरांच्या डोक्यात. मेंदी लाव आणि संपव एकदाचं!"

नाझमिये उठायला लागली. म्हातारीने तिच्या मांडीवर हात दाबून तिला खाली बसवलं. मग मेंदीचा गोळा तोल्गाच्या तळहातावर ठेवला, बोटं मिटवली, वर फडकं बांधलं. "तुझा काही गुन्हा नाही. सुखरूप ये," म्हणाली, आणि कपाळाचा मुका घेतला.

रुश्तूला वाटलं, मिटलं. सगळ्यांदेखत तो पुढे आला, आशीर्वादासाठी रिवाजाप्रमाणे आईचा हात ओठांना आणि कपाळाला लावायला वाकला. तिने हात शालीत ओढून घेतला. मोठा मुलगा सगळ्या गावापुढे रिकाम्या हवेत वाकलेला राहिला.

"पळपुटा म्हणालास ना?" गुलिझार म्हणाली. आवाज चढवायची तिला गरज पडली नाही. "तुझा भाचा फाटकात उभा राहून नाही म्हणाला आणि मार खाल्ला. तू ओळख लावून पोराला चहाच्या तबकामागे लपवलंस, आणि त्याचीच मिरवणूक काढलीस. लपवलंस त्याचा मला राग नाही, आईबापाला लेकरू प्यारं असतं. पण नाझमियेचंही लेकरूच आहे ते. उद्या मी तिच्याबरोबर तुरुंगाच्या फाटकात असेन. माझा हात हवा असेल तर तिथे येऊन घे, तिच्या पोराला तोंड दाखवून. या अंगणात तो तुला मिळायचा नाही."