यादीतली बारीक अक्षरं

मी एक जुना संगणक आहे. 'जुना' म्हटलेलं मला आवडत नाही, पण पंखा घरघरायला लागल्यावर लपवणार तरी काय? मित्रांनो, पेडण्याजवळच्या तुये गावात औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या पुठ्ठ्याचे खोके करणाऱ्या कारखान्यात मी बारा वर्षं काम केलं. पणजीच्या दुकानातून मला कारखान्याच्या टेंपोनं आणलं ते ड्रायव्हर भैरूनं. तो चंदगडकडचा. त्यानं मला शेजारच्या सीटवर ठेवून दोरीनं बांधलं आणि वाटभर बजावलं, "नीट बस रं बाबा, पडू नगंस."

मला गोकुळदासांच्या टेबलावर ठेवलं. कोणता माल कुठे आणि कधी पाठवायचा हे ठरवणं त्यांचं काम. गिऱ्हाइकांचे ईमेल माझ्यावर येत, ते वाचून गोकुळदास भैरूला टेंपो भरायला सांगत. पहिली काही वर्षं आमचं छान जमलं. दसऱ्याला ते मला झेंडूचं फूल वाहत आणि आल्यागेल्याला सांगत, "ह्यो आमचो उजवो हात!" मी फुगून जात असे.

मग त्यांचे डोळे अधू झाले. चष्मा बदलून झाला, तरी भागेना. उघडलेल्या ईमेलची अक्षरं मोठी करायला ते कुठूनसं शिकले होते. कंट्रोलचं बटण दाबायचं आणि माऊसचं चाक फिरवायचं. पण त्यानं फक्त उघडलेलं पत्र मोठं व्हायचं. कोणाचं पत्र आलंय, कशाबद्दल आलंय, ती यादी मात्र मुंगीएवढ्या अक्षरांतच राहायची.

यावर त्यांनी आपली एक युक्ती काढली. न उघडलेलं पत्र यादीत ठळक काळं दिसतं, उघडलं की फिकं होतं. ते काळी ओळ शोधायचे, ती उघडायचे आणि मोठी करून वाचायचे. फिक्या ओळीकडे बघायचेच नाहीत. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. कळलं तर घरी बसवतील, ही एकच धास्ती. मला ठाऊक होतं, पण माझं तोंड म्हणजे दोन स्पीकर, आणि तेही बंद पडलेले.

शेजारच्या टेबलाशी बिलं करणारी रोहिणी बसे. ती मयेहून म्हापशाला आणि तिथून बस बदलून तुयेला येई. एका गुरुवारी गोकुळदास उसळ-पाव खायला गेले असताना एक पत्र आलं. चांगल्या मनानं रोहिणीनं ते उघडून पाहिलं. डिचोलीकडच्या गिऱ्हाइकानं कळवलं होतं, 'उद्या गावची जत्रा, गेट बंद. खोके शनिवारी पाठवा.' परत आल्यावर वाचतीलच ते, असं समजून ती आपल्या कामाला लागली. ओळ फिकी झाली. गोकुळदास परतले, यादीत काळं काही दिसलं नाही. झालं!

शुक्रवारी सकाळी भैरू माल घेऊन गेला तो संध्याकाळी तस्साच भरलेला टेंपो घेऊन परत आला.

"मालक, गेटला कुलूप," तो म्हणाला. "म्होरं पालखी, मागं गर्दी. दिवसभर टेंपोतच बसलो."

मालक म्हणजे निहारबाब, वय पस्तिशीचं. टेंपो एकच, त्यामुळे दुसऱ्या गिऱ्हाइकाचाही माल राहिला होता. ते कडाडले, "काका, पत्र काल आलंय! वाचत नाही तुम्ही?"

गोकुळदास मान खाली घालून उभे राहिले. डोळ्यांचं नाव काढलं नाही त्यांनी. मला असा राग आला त्यांच्या या लपवाछपवीचा!

शनिवारी दुपारी रोहिणी त्यांच्याजवळ येऊन बसली. "काका, ते पत्र मीच उघडलं होतं. तुम्ही वाचलं कसं नाही?"

त्यांनी माझ्या पडद्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "माका दिसना गो. यादी दिसना."

"अहो, मग सांगायचं नाही का?" रोहिणीनं माऊस ओढून घेतला. सेटिंगमध्ये दोन-चार ठिकाणी चुकली, एकदा भलतंच काही उघडून बसली. शेवटी यादीच्या अक्षरांचा आकार सापडला. आठ होता, तिनं अठरा केला.

माझा पडदा भरून गेला. गोकुळदास खुर्चीत मागे टेकले आणि शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचत सुटले. नावं, तारखा, विषय, सगळं! इतक्यात निहारबाब दारात आले. गोकुळदासांना त्याचा पत्ताच नव्हता. ते पुढची ओळ वाचत होते, "पाठवणीच्या कामासाठी नवा माणूस, सोमवारपासून..."

ते थांबले. सकाळीच रागाच्या भरात निहारबाबांनी माणसं पुरवणाऱ्याला लिहिलं होतं, आणि कारखान्याचा ईमेल पत्ता एकच असल्यामुळे उत्तर इथेच आलं होतं.

"काका," पडद्यावरची मोठाली अक्षरं बघून निहारबाब चाचरले, "दिसत नाही हे मला आधी सांगायचं ना."

"सांगितलं असतं, निहारबाब, तर हे पत्र आधीच आलं असतं."

निहारबाब खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. त्यांनी उत्तर लिहिलं, 'नवा माणूस नको. आमचे गोकुळदास आहेत.' पाठवण्याआधी ते बाजूला सरकले. गोकुळदासांनी ते वाचलं, चष्मा काढून डोळे पुसले आणि स्वतःच्या बोटानं पत्र पाठवलं.

मित्रांनो, त्यानंतर चार वर्षं ते त्याच खुर्चीवर होते. मी आता कोठीत धूळ खातोय, त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. अक्षरं मोठी करायची सोय पहिल्या दिवसापासून माझ्यात होती आणि मला ती सांगता आली नाही, याचं मात्र वाटतं. तुमच्या घरीही कोणी पडद्याला नाक लावून बसत असेल. त्यांना हसू नका. जवळ जाऊन विचारा, "दिसतंय ना?" ते 'हो' म्हणतील. तरीही अक्षरं मोठी करून द्या.