अनुग्रहची जागा

मनुबाईंनी ब्रश चुन्याच्या बादलीत बुडवला, काठावर निथळला आणि रिकाम्या कबरीच्या विटांवरून फिरवायला घेतला. शेजारची नवऱ्याची कबर त्यांनी आधीच उरकली होती. तिथं काम कमी असायचं. नवरा जिवंतपणीही फार जागा घेणारा नव्हता.

उद्या ईस्टर, पुनरुत्थानाचा सण. कोरेगावच्या ख्रिस्ती मंडळीची पहाटेची भक्ती त्या दिवशी कबरस्तानातच व्हायची, म्हणून आदल्या शनिवारी ज्याची त्याची माणसं ज्यानं त्यानं साफसूफ करून ठेवायची अशी रीत होती. सकाळपासून लोक येऊन गवत काढून, चुना मारून, एकमेकांच्या कबरींकडं जरा टीकेच्या नजरेनं पाहून घरी गेले होते. उन्हं चढल्यावर उरल्या फक्त मनुबाई. त्यांना दोन कबरी असायच्या.

कबरस्तान लहान. रस्ता रुंद झाला तेव्हा एका बाजूची पट्टी गेली, दुसऱ्या बाजूला हातभर खाली कातळ. मधे जे उरलं त्यात गेलेली माणसं होती आणि न गेलेलीही होती. पंच कमिटीच्या घरांनी आपापल्या जागा विटा लावून धरून ठेवल्या होत्या. सेक्रेटरी नानासोंनी तर स्वतःच्या जागेवर काळी फरशी बसवून नावही कोरून घेतलं होतं. नाव, जन्मतारीख, एक रेघ आणि पुढं मोकळं. दर रविवारी भक्ती सुटल्यावर ते इकडं चक्कर मारून फरशी जागेवर आहे का बघून जात.

मनुबाईंच्या रिकाम्या जागेवर लाकडी क्रूस होता. त्यावर नाव होतं अनुग्रह, जन्मतारीख होती, आणि पुढं मोकळंच होतं. पण नानासोंचं मोकळं आणि हे मोकळं यांत फरक होता. तिथं काय लिहायचं ते ठरलेलं होतं, फक्त कधी एवढंच राहिलं होतं.

अनुग्रह पुराच्या वर्षी सांगलीकडं जाताना मोटारसायकलसकट पुलावरून वाहून गेला. मोटारसायकल सापडली. पोलिसांनी पंधरवडाभर शोधलं, मग नदी पुढं कर्नाटकात जाते असं सांगितलं. मनुबाई रात्रभर गुडघ्यांवर होत्या. सकाळी पवित्र शास्त्र उघडलं तर समोर देवाचं वचन आलं, की रडू नकोस, तुझं लेकरू माघारी येईल. रविवारी त्यांनी मंडळीपुढं साक्ष दिली. देवानं वचन दिलंय, माझा मुलगा परत येणार. मंडळी आमेन म्हणाली. पुढच्या आठवड्यात मनुबाईंनी विटा आणून नवऱ्याशेजारची जागा धरली. त्यावर मंडळी काही बोलली नाही. आमेन म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं.

फाटकाशी टेम्पो थांबला. पुढून मंडळीचे पाळकसाहेब उतरले, मागून आकाराम. आकाराम माणदेशाकडचा. मेंढरं विकून बायको राणीसह इकडं उसाच्या कामाला आला आणि दोन वर्षांपूर्वी दोघांनी बाप्तिस्मा घेतला. टेम्पोच्या फळीखालून पाणी टिपकत होतं. बर्फ वितळत होता.

मनुबाई उठल्या नाहीत. मिरजेच्या दवाखान्यात नर्स म्हणून त्यांचा जन्म गेला होता. पाणी टिपकणारा टेम्पो त्यांना सांगावा लागत नव्हता.

"राणी गेली, सिस्टर," पाळकसाहेब जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले. नोकरी सुटून कैक वर्षं झाली तरी सगळी मंडळी त्यांना सिस्टरच म्हणे. "काल रात्री. हे तिला गावी घेऊन गेले होते."

"मग परत का आणली?"

पाळकसाहेबांनी आकारामकडं पाहिलं.

"भावकी म्हनली, आता तुमचा देव दुसरा, तर जागाबी दुसरीकडंच बगा," आकाराम म्हणाला. "भांडान न्हाई झालं. च्या दिला. टेम्पोबी त्येंनीच ठरवून दिला."

तेवढ्यात नानासो स्कूटरवरून आले. पाळकसाहेबांनी फोन केला होता. आल्या आल्या त्यांनी आपल्या फरशीवरचं वाळकं पान उचललं आणि मगच डोक्यावरची टोपी काढली.

"लय वाईट झालं," ते म्हणाले. "पन साहेब, जागा कुठं हाय? तुमीच बगा. सगळं बुकिंग हाय."

"नानासो, तुमच्या घराच्या चार जागा आहेत."

"आवं, आमी मानसं किती हाय ते बी मोजा की. थोरला पुण्याला आसला म्हनून काय तिकडंच मरनार हाय का?"

"जुनी एखादी कबर उघडली तर?"

"आन् तेंची नातवंडं फोनवर शिव्या घालत्याली, त्या कोन खायच्या? एक करा. नळापाशी वाटंत हुतंय का बगा. जरा तिरकं घेतलं तर बसंल."

आकाराम नळापाशी गेला. लोक तिथं हातपाय धुवायचे, चिखल झाला होता. त्यानं चपलेनं चिखल दाबून पाहिला आणि परत आला.

"साहेब," तो म्हणाला, "तुमी म्हनला हुता, रानी बरी हून घरी यील. देवाचा शब्द हाय म्हनला हुता."

पाळकसाहेबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "आकाराम, देवाचा शब्द खोटा होत नाही. आपल्याला वाटतं तसा नाही, पण शेवटच्या दिवशी ती..."

"व्हय, उटनार. त्येबी म्हनला हुता." आकारामच्या आवाजात राग नव्हता. बाजारात माल बघणाऱ्या माणसासारखा तो जपून बोलत होता. "म्हनूनच म्हन्तो, वाटंत नगं. लोकं तुडवत्याली. उटताना तिला बरं वाटाय पायजे."

 मग पाळकसाहेबांची आणि नानासोंची नजर एकाच वेळी ओल्या चुन्याच्या विटांकडं गेली. मनुबाईंना ती पाठीवर कळली. त्यांनी ब्रश अधिक जोरात फिरवला.

पाळकसाहेब त्यांच्याजवळ उकिडवे बसले. "सिस्टर, मला बोलायला जड जातंय."

"मग बोलू नका."

"देव समर्थ आहे. माणूस मातीत असो, पाण्यात असो, माशाच्या पोटात असो. त्याला उठवायला देवाला खुणेची जागा लागत नाही."

"हे नानासोंना सांगितलंत का?"

पाळकसाहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"मातीतनं उठवायला फरशी लागती का, ते विचारा की त्यांना. माझ्या पोराच्या वेळीच बरा सगळ्यांचा विश्वास दांडगा होतो. तुमची जागा कुठली, साहेब?"

"माझी बदली होते, सिस्टर," पाळकसाहेब म्हणाले. हे उत्तर शास्त्रात बसणारं नव्हतं हे त्यांनाही कळलं असावं, कारण ते उठून उभे राहिले.

नानासोंना मात्र फरशीचं लागलं होतं. "सिस्टर, राग मानू नगा, पन तुमचं मला आजून उमगलं न्हाई. पोरगं परत येनार म्हन्ता, सगळ्या मंडळीपुढं सांगता. आन् त्येच्या नावानं खड्डाबी राखता. वर्साला चुनाबी लावता. दोन्हीतलं येक काय त्ये ठरवा की."

ब्रश विटेवर थांबला.

हा प्रश्न मनुबाईंना कोणी विचारला नव्हता असं नाही. त्या स्वतः विचारायच्या, आणि उत्तर यायच्या आत भांडी घासायला घ्यायच्या. इतक्या वर्षांनी पाणी माणसाचं काय करतं हे त्यांना मंडळीत सगळ्यांत जास्त माहीत होतं. पावसाळ्यात सांगलीकडून ओळख नसलेला नंबर आला की त्यांचे हात गार पडत. आणि अनुग्रहच्या खोलीतल्या गादीला त्या दर महिन्याला ऊन दाखवत. वचनावर विश्वास होता आणि बंदोबस्तही होता. दोन्ही एकमेकांना न बोलता एका घरात राहत होते. भावजय आणि नणंद राहतात तसे.

ब्रशवरून चुन्याचा थेंब ओघळून त्यांच्या लुगड्यावर पडला. त्यांनी तो पुसला नाही.

"आकाराम," त्यांनी विचारलं, "काय झालेलं तिला?"

"कावीळ. आदी वाटलं उनाचं हाय. लय उशीर केला, आक्का."

मनुबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, नळावर हात धुतले आणि टेम्पोकडं गेल्या. फळीवर चढायला आकारामनं हात दिला. चादर बाजूला करून त्यांनी पाहिलं. हनुवटीची पट्टी सैल होऊन तोंड उघडं पडलं होतं. त्यांनी पट्टी सोडली, जबडा तळहातानं वर धरला आणि पुन्हा बांधली. नीट, कानामागून घेऊन. विस्कटलेले केस मागं सारले. हात जरा वेळ कपाळावर राहिला, ताप बघावा तसा. हे हात असं एकाच माणसाचं करायचं म्हणून किती दिवस थांबले होते, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मग त्या खाली उतरल्या. सरळ आपल्या जागेशी गेल्या, वाकल्या आणि पहिली वीट उपटली.

चुना ओला होता. दुसऱ्या विटेला त्यांचे दोन्ही हात पांढरे झाले. तिसरी घट्ट बसली होती, ती हलवताना त्यांच्या तोंडातून बारीक आवाज आला. पाळकसाहेब मदतीला पुढं झाले.

"राहू द्या," मनुबाई म्हणाल्या. "मी लावल्यात."

"सिस्टर, तसं न्हवं," नानासो घाईघाईनं म्हणाले. "कमिटीत ठराव तरी..."

"घ्या ठराव. तवर खड्डा होईल."

खड्डा आकाराम आणि टेम्पोवाल्यानं घेतला. थोड्या वेळानं नानासो न बोलता स्कूटरवरून गेले आणि घरची पहार घेऊन परत आले. ती लागली नाही. कातळ इथं खोल होता. माती खालपर्यंत भुसभुशीत निघत गेली. मनुबाई नवऱ्याच्या कबरीच्या कडेला बसून खाली जाणारा खड्डा बघत होत्या. दर पावसाळ्यात त्यांनी तो मनातल्या मनात घेतला होता. खरा त्याहून अरुंद निघाला.

राणीला खाली ठेवल्यावर पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं. आवाज चांगला होता त्यांचा. शेवटच्या दिवसाचं वाचता वाचता ते एका जागी अडखळले, डोळे झरझर खाली नेले आणि पुढच्या ओळीपासून परत सुरू झाले. नानासोंना कळलं नाही. आकारामला कळायचं कारण नव्हतं.

"साहेब," मनुबाई म्हणाल्या, "एक ओळ राहिली."

पाळकसाहेबांनी मान वर केली. त्यांचा चेहरा उतरला होता. "सिस्टर, मला वाटलं, आज तुमच्यासमोर ती..."

"वाचा."

त्यांनी वाचली. समुद्र आपल्या पोटातली मेलेली माणसं परत देईल, ती ओळ. या वेळी आवाज तितकासा चांगला लागला नाही. मनुबाईंनी ती पूर्ण ऐकली. त्यात समुद्राचं नाव होतं. नदीचं नव्हतं, धरणांचंही नव्हतं. त्या जरा थांबल्या, आणखी काही येतंय का बघावं तशा. मग, सगळ्यांच्या मागून, एकट्याच आमेन म्हणाल्या.

मातीचा ढीग झाल्यावर डोक्याशी काय लावायचं याचा विचार कोणी केला नव्हता. नानासो म्हणाले, सोमवारी सुताराला सांगू. मनुबाईंनी बाजूला पडलेला लाकडी क्रूस उचलला, पदरानं माती पुसली आणि उलटा केला.

"मागची बाजू कोरी आहे," त्या म्हणाल्या.

पाळकसाहेबांनी ब्रशच्या टोकानं चुन्यानं नाव लिहिलं. राणी. पुढं तारीख लिहायला ते वळले, तेव्हा आकाराम म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. नावच बास झालं." त्यानं क्रूस मातीत रोवला. राणीचं नाव वाटेकडं होतं. अनुग्रहचं कातळाकडं.

उन्हं कलली होती. नानासो पहार स्कूटरला बांधत होते. पाळकसाहेबांना उद्याच्या पहाटेसाठी माइक आणायला जायचं होतं. टेम्पोवाल्यानं मागची फळी धुऊन घेतली. मनुबाईंनी बादलीत पाहिलं. चुन्यावर साय धरली होती. त्यांनी ती बादली नळापाशी रिकामी केली आणि फाटकाकडं चालू लागल्या.

आकाराम मागून आला. हातातली टोपी त्यानं चुरगाळून धरली होती.

"आक्का, इचारू का? न्हाई म्हनलं, ऱ्हाऊन जाईल मनात."

"विचार की."

"तुमचा ल्योक आला, म्हंजी सापडला... तर त्येला कुठं ठिवनार? जागा तर आमी घितली."

मनुबाई फाटकाशी थांबल्या. हातांवरचा चुना वाळून तडकला होता. त्यांनी एक हात दुसऱ्यानं चोळला, तरी तो गेला नाही. रस्त्यावर सातारा-कोरेगाव एसटी येऊन थांबली. तिच्यातून कोण कोण उतरतंय ते त्यांनी पाहिलं. हे त्या रोजच बघायच्या.

"आता आला तर चालतच येईल," त्या म्हणाल्या, आणि बादली त्याच्याकडं दिली. "धर. पहाटे लवकर ये, विटा परत लावून घेऊ. भक्तीला लय गर्दी होती, तिच्यावर कोणीतरी पाय देईल."