पाठाच्या दिवशी

आण्णाप्पा खानापूर भागातला, शेतकऱ्याचा पोरगा. मास्तरकीच्या ट्रेनिंगला होता. १९७८ साली सरावाचे पाठ घ्यायला त्याला निपाणीच्या एका शाळेत धाडलं. तिसरीच्या वर्गात अगदी मागं मालू बसायची, जन्मापासून बहिरी. आई सोनुबाई तंबाखूच्या वखारीत कामाला. चार शाळांनी नको म्हटल्यावर पोरगी इथं कशीबशी टेकली होती.

असल्या पोरांना शिकवायचं कसं, याची ट्रेनिंगच्या पुस्तकात एक ओळ नव्हती. मग गड्यानं आपलंच डोकं चालवलं. मालूला पुढं घेतलं, कागदाची पट्टी तोंडापुढं धरून ‘प’ म्हणून दाखवला. पट्टी हलली की मालू हसायची. दोन महिन्यांत ती त्याच्या ओठांवरून अर्धंअधिक बोलणं ओळखायला लागली, आणि एके दिवशी घसा खरवडत का होईना, ‘पाणी’ म्हणाली. आण्णाप्पाला त्या दिवशी आनंदानं जेवण गेलं नाही.

मग आला परीक्षकांसमोरचा शेवटचा पाठ. या पाठाची रीत ठरलेली: उत्तरं घोकलेली पोरं पुढच्या रांगेत, अडखळणारी त्या दिवशी घरी. हेडमास्तरांनी घरी ठेवायच्या पोरांत मालूचं नाव घेतलं, आणि आण्णाप्पानं मान डोलावली की हो! एका शब्दानं आडवा गेला नाही. मार्कांची भीती, दुसरं काय. संध्याकाळी स्वतःच सोनुबाईच्या दारात गेला, उद्या एक दिवस पोरीला पाठवू नका म्हणाला. मालू आईला चिकटून त्याच्या तोंडाकडं बघत होती. ती आपले ओठ वाचते, हे शिकवणाऱ्यालाच आठवलं नाही.

पाठ झकास झाला. परीक्षकांनी पाठ थोपटली. मालू मात्र दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी तो वखारीत गेला, तर मायलेकी शेजारी-शेजारी बसून तंबाखू निवडत होत्या. त्यानं चूक कबूल केली, हात जोडले, उद्यापासून पाठवा म्हणाला. सोनुबाईचं काम थांबलं नाही.

“मास्तर, चार शाळांनी हाकललं तवा ही रडली न्हाय. तुमी नको म्हटलासा, तवा लई रडली. आता मी न्हाय पाठवत.”

आण्णाप्पा मालूसमोर खाली बसला आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाला, “चुकलं माझं, बाळ.”

मालूनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. तो बोलतच राहिला.