कायम शंभरावर

लॅपटॉप उलटा करून तळाचे स्क्रू काढले आणि माझं डोकंच फिरलं. बॅटरी फुगून टम्म झाली होती. आणखी महिनाभर तशीच राहिली असती, तर काय झालं असतं कुणास ठाऊक! आणि हा उद्योग कुणाचा? माझ्या सख्ख्या बापाचा!

माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसाला दहा गिऱ्हाइकांना मी तेच ते सांगत असते. चार्जर चोवीस तास लावून ठेवू नका, ऐंशी टक्के झाली की काढा, विसाच्या खाली उतरू देऊ नका, मशीन गादीवर ठेवून तापवू नका. सांगून सांगून तोंडाला फेस येतो. आणि इथे घरात दोन वर्षं चार्जर एकदासुद्धा निघाला नव्हता, वर लॅपटॉपखाली मऊ उशी!

"बाबा, किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला?"

बाबांनी हाताने शून्य करून दाखवलं. बरोबरच होतं त्यांचं. दिवसभर तेच दळण दळून घरी आल्यावर मला बॅटरीचं नाव नको असायचं.

हातानेच दाखवणार ते, कारण त्यांचा आवाज माझ्या मांडीवर उघडा पडला होता. बाबा भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. बाजाराच्या या टोकाला बोली पुकारली की त्या टोकाला ऐकू जायची. मग घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून बाबा टाइप करतात आणि लॅपटॉप बोलतो. कसला तो आवाज! आनंदाची बातमी असो की दुःखाची, सगळं एकाच सुरात.

बाजारातली जुनी मंडळी रोज सकाळी आमच्या इमारतीखालच्या बाकावर बसतात. वर बघून बाबांना हाका मारतात. बाबा खिडकीतून हात हलवतात आणि परत प्लगाशेजारच्या खुर्चीत जाऊन बसतात. दोन वर्षांत एकदाही खाली उतरले नाहीत. चार्जर काढला की जुनी बॅटरी दहा मिनिटांत मान टाकत असेल, म्हणून, असं मी धरून चालले होते. आई परवा म्हणाली, "यांना बाहेर काढ गं बाई. खुर्चीतच मुळं फुटतील माणसाला." म्हणून तर मी नवी बॅटरी घेऊन आले होते.

बॅटरी बसवली, सेटिंगमध्ये जाऊन ऐंशीची मर्यादा घातली आणि चार्जर काढून बाबांच्या हातात लॅपटॉप दिला. "घ्या. तीन तास आरामात चालेल. जा खाली, घाला गोंधळ."

बाबांनी चार्जर परत लावला.

मी काढला. त्यांनी लावला. मी पुन्हा काढला.

"शंभर कर," लॅपटॉप म्हणाला.

"नाही करणार. ऐंशीवर ठेवली तर जास्त वर्षं टिकेल ती."

"बॅटरी माझी आहे."

"बसवलीय मी! अहो, हा माझा धंदा आहे. माझ्या बापाच्याच बॅटरीचं असं वाटोळं झालेलं बघून लोक काय म्हणतील मला?"

बाबा टाइप करू लागले. बराच वेळ. स्वयंपाकघरातून आई हात पुसत आली, त्यांच्या खांद्यावरून वाचू लागली आणि एकदम म्हणाली, "अहो, नका ना. झालं गेलं ते."

पण त्यांनी बटण दाबलं होतं.

"तुझी आई न्हाणीघरात पडली, त्या दुपारी वीज नव्हती आणि लॅपटॉप पूर्ण उतरला होता."

आई पडली होती ते मला माहीत होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. खालच्या मजल्यावरच्यांनी दवाखान्यात नेलं, मला नंतर कळलं. तोवर ती तासभर ओल्या फरशीवर होती, हेही माहीत होतं. तासभर का, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

"शेजारी, खालच्या मजल्यावर, तेव्हा कुणी नव्हतं. मी आईच्या मोबाइलवरून तुला फोन केला. तू उचललास."

दुकानात गर्दी होती त्या दुपारी. आईचा फोन पर्समध्ये आपोआप लागायचा, आठवड्यातून दोनदा तरी. "आई, परत फोन दाबला गेलाय तुझा," असं ओरडून मी ठेवून दिला होता. दिवसात तो एकच फोन थोडाच असतो? विसरूनही गेले होते.

"मला सांगितलं का नाहीत?" मी म्हटलं. "दोन वर्षं, बाबा! एका शब्दाने नाही?"

"तुला काय वाटेल म्हणून," आई म्हणाली. "मीच नको म्हटलं."

मी मर्यादा काढून टाकली. ऐंशीचं शंभर केलं. दोनदा चुकीच्या जागी क्लिक झालं. "ठेवा शंभरावर," मी म्हटलं. "खराब झाली तर नवी बसवीन, दर वर्षी बसवीन. आणि उद्यापासून सकाळचा तासभर मी आईजवळ थांबत जाईन, दुकान उघडेल उशिरा. तुम्ही बिनघोर खाली जा. माझं चुकलं, बाबा. फार चुकलं."

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग एका हाताने, एकेक अक्षर शोधत टाइप केलं.

"तुझं काही चुकलं नाही. तू चार वेळा हॅलो म्हणालीस," लॅपटॉप त्याच्या त्या एका सुरात म्हणाला. "चारही वेळा मी ओ दिली होती."