मागच्याची माळ

राजुरीच्या शाळेच्या मैदानावर पहाटे साडेपाचला सगळे जमले, की दादाभाऊ आधी पिशवीतून बैलाची जुनी घुंगूरमाळ काढायचे. दादाभाऊ फौजेतून निवृत्त झालेले. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या चौदा जणांना तेच पळवायचे आणि त्यांचा नियम एकच होता. उसात बिबट्या आहे, तेव्हा एकट्यानं पळायचं नाही. जो सगळ्यात मागं, त्याच्या कमरेला माळ. घुंगरं वाजताहेत तोवर पुढच्यांनी मागं बघायचं नाही. थांबली, की सगळ्यांनी थांबायचं.

दीड महिना ती माळ वृषालीच्याच कमरेला होती.

बी.एस्सी. झालेली, अडीच वर्षांच्या अक्षदाची आई. पुढच्या भरतीला वय बसणार नव्हतं. नवरा गोकुळ चाकणच्या कंपनीत. तो म्हणायचा, बघ बाई, झेपत असेल तर. सासूबाई साळुबाई म्हणायच्या, लेकराला निजवून आई पळायला जाती, कुणी पाठी लागलंय का हिच्या. वृषाली ऐकून घ्यायची, कारण लेकीला सांभाळायचं त्यांनाच होतं. घरात ती सतत कान देऊन असे. अक्षदाचे पैंजण वाजायचे थांबले, की तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठायची. पोर कुठं आहे? दार लावलंय ना? आता पळतानाही डोकं तिथंच.

शनिवारी दादाभाऊंनी सांगून टाकलं होतं. रविवारी दहा किलोमीटरचा फेरा: कालव्यानं जायचं, खिंड चढायची, मळ्यांतून मैदानावर यायचं. वेळ सव्वा तास. "ज्याच्यामुळं गाडं अडलं, त्यानं सोमवारपास्नं येऊ नये," ते म्हणाले. "एकापायी तेरा जणांची भरती बुडवायची न्हाई." बोलताना त्यांनी वृषालीकडं पाहिलं नाही. बाकीच्यांनी पाहिलं.

आणि इथून काढलं, तर ती पळणार कुठं? एकटीनं या रस्त्यांवर कोण जातं?

रविवारी कालव्यावरच तिचा दम तुटला. घुंगरं थांबली, सगळे थांबले. पुढच्यांतला पप्पू जागच्या जागी उड्या मारत म्हणाला, "ताईंसाठी घड्याळ नको राव, कॅलेंडर आणा." दोघं-तिघं हसले. पुन्हा निघाले. खिंडीच्या पायथ्याशी घुंगरं पुन्हा थांबली. या खेपेला कुणी हसलं नाही, आणि ते जास्त लागलं. लंगडीच्या खेळातल्या कच्च्या लिंबूसारखं आपल्याला वागवतात, तिला वाटलं, पण खेळात कच्च्या लिंबूमुळं कुणी हरत नाही.

चढ संपला तेव्हा सहा किलोमीटर झाले होते. तिच्या पुढं प्राची होती, एकोणीस वर्षांची. वृषालीनं तिला हाक मारली आणि पळता पळताच माळ सोडून तिच्या हातात दिली. इथं खाली माझ्या मावसबहिणीची वस्ती आहे, म्हणाली, मी तिकडून घरी जाते, तू बांध, नाहीतर पुन्हा थांबतील सगळे. प्राचीनं तिच्याकडं पाहिलं, पुढच्यांकडं पाहिलं. वस्ती नव्हती हे तिला कळलं असावं. तिनं माळ बांधली.

घुंगरं वाजत उताराला लागली. वाजत होती, म्हणजे सगळं ठीक होतं. कुणी मागं बघितलं नाही. वृषाली रस्त्याकडेच्या दगडावर बसली आणि तो आवाज लहान होत होत उसाआड गेला.

मग तिला कळलं आपण काय केलंय.

दोन्ही अंगाला ऊस, पाचटावर दव. मागं सहा किलोमीटर, पुढं चार. आपल्याला हे काही जमणार नव्हतंच, पहिल्या दिवशीच ठाऊक होतं, उगाच पोरीची झोप मोडली, सासूचं तोंड उघडलं. ती रडली. डावीकडं पाचट वाजलं. कोल्हा असेल, वारा असेल. बिबट्या असेल तिथं मोठ्यानं बोलत चाला, सांगतात. काय बोलणार? तोंडात जे रोजचं होतं तेच आलं.

"अक्षू, दूध संपव. अक्षू, खाली उतर म्हटलं ना. दाराबाहेर जायचं नाही."

मोकळ्या रस्त्यावर ती मोठमोठ्यानं लेकीला रागावत निघाली. आधी दहा पावलं चालत. मग पळत, कारण चालण्यापेक्षा भीती पुढं जात होती. पोटऱ्या दगड झाल्या. थांबावंसं प्रत्येक वळणावर वाटलं, पण थांबलं तर इथं ऐकायला कुणी नव्हतं. दूध, चप्पल, दार, सगळं बोलून झालं, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मैदानाची भिंत दिसेपर्यंत ती पुन्हा चालीवर आली नाही.

दादाभाऊ फाटकात मोटारसायकलला किक मारत होते. तिला पाहून गाडी बंद केली. बाकीचे वेळेत पोचले होते. प्राची खाली मान घालून उभी होती. माळ अजून तिच्या कमरेला.

"मागं पडलीस, ते चालतं," दादाभाऊ म्हणाले. "माळ दिलीस. आमी निवांत पळत आलो, अन् तू तिकडं एकटी."

"शेवटचे चार किलोमीटर मी न थांबता पळाले, दादाभाऊ."

"आयकलं कुणी?"

ऊन भिंतीवर आलं होतं. अक्षदा उठली असेल, आणि साळुबाई गोठ्यात. दार लोटलंय की उघडं? घरी जायला हवं होतं. ती प्राचीपाशी गेली आणि हात पुढं केला. प्राचीनं गाठ सोडली. वृषालीनं माळ कमरेला बांधली आणि मैदानाच्या कडेनं निघाली. पाय फरफटत होते. चाल पाहून पप्पूलाही चेष्टा सुचली नसती. छन, छन, मध्ये लांब अंतर, पुन्हा छन.

दादाभाऊंनी तिच्याकडं पाठ केली. घुंगरं वाजत होती, मागं बघायचं नव्हतं. मग एकेक करून बाकीचेही वळून उभे राहिले, भिंतीकडं तोंड करून, कान मागं लावून.