शेवटच्या ऑस्ट्रँडरची शिवण

आमच्या गावात कोणी दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली तर ती घराच्या मागे लावायची, असा रिवाज होता. माझ्या लायोशकाकाने एकोणपन्नास साली मेहुण्याच्या नादाने डेट्रॉइटची गाडी घेतली आणि पुढची दोन वर्षं तो चर्चला चालत आला. हल्ली मीही कोरियन गाडी चालवते. मागेच लावते.

अमेरिकेतलं आमचं हार्लन बेंड गाव म्हणजे ऑस्ट्रँडर मोटार कंपनी, दुसरं काही नाही. नदीच्या अलीकडे आम्ही हंगेरियन, पलीकडे पोलिश, आणि मधे लाल विटांचा सहा मजली कारखाना. माझे वडील एकोणीसशे बारा साली आले तेव्हा एका अंगाला घोड्यांचे छकडे बनत होते आणि दुसऱ्या अंगाला मोटारी. ऑस्ट्रँडर बंधू मुळात छकडेवालेच. वडिलांना ओतकामात घेतलं. त्यांचे हात शेवटपर्यंत काळे होते, लग्नाच्या फोटोतसुद्धा. दोन महायुद्धांत फौजेचे ट्रक इथून गेले, आणि पन्नास साली तर कारखान्यात बावीस हजार माणसं होती. दुपारचा अडीचचा भोंगा झाला की आमच्या आया चुलीवर कांदा टाकायच्या, म्हणजे साडेतीनला पाळी सुटून माणूस घरी येईपर्यंत कोंबडीचा रस्सा तयार. एकदा भोंगा बिघडला होता तेव्हा सगळी गल्ली उपाशी बसली.

मी बावन्न साली लागले, अठराव्या वर्षी. चौथ्या मजल्यावर शिवणखातं होतं, दोनशे बायका आणि दोनशे मशिनं. सीटची कव्हरं शिवायची. मला काम शिकवलं ब्रोन्याने. ब्रोन्या पोलिश, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि तोंडाने चार हात पुढे. पहिल्या दिवशी तिने माझी शिवण पाहिली आणि म्हणाली, "पिरी, ही शिवण आहे की ओढ्याची वाट?" सगळी उसवायला लावली. त्या दिवसापासून आमची मैत्री आहे.

लोक विचारतात, एवढी मोठी कंपनी बुडाली कशी? मी सांगते. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे डेट्रॉइटच्या दोन मोठ्या कंपन्यांनी आपसात भाव पाडायची शर्यत लावली आणि तिसरा मेला. दुसऱ्यांनी सपाट एकमजली कारखाने बांधले, आमची गाडी मात्र लिफ्टमधून या मजल्यावरून त्या मजल्यावर फिरत राहिली, पाहुणीसारखी. मालकांना नवं काही बांधायला सांगितलं की ते म्हणायचे, पुढच्या वर्षी. आमच्या गाडीला मागे फॅशनचे पत्र्याचे पंख फुटले तेव्हा लोकांना पंखांचा कंटाळा आलेला होता. आणि एवढं सगळं झाल्यावर दोष कोणाचा? कामगारांचा. नटबोल्ट ढिले, शिवण वाकडी, माणसं आळशी. पन्नास वर्षं मी हे ऐकते आहे.

म्हणून त्या दिवशी पेपर वाचून मी चहा अर्धा सोडला.

कंपनीच्या जुन्या कचेरीत आता संग्रहालय आहे. तिथे शेवटची ऑस्ट्रँडर ठेवली आहे, चौसष्ट सालची, निळी. कारखाना बंद झाला त्याला पन्नास वर्षं होत होती, त्याचा समारंभ शनिवारी होता. संग्रहालयाच्या वेड लिंडक्विस्ट नावाच्या माणसाची मुलाखत आली होती. त्याने म्हटलं होतं, "या गाडीच्या पुढच्या सीटला भलत्याच रंगाचा दोरा आहे. शेवटच्या काळात कामाचा दर्जा किती घसरला होता, किंवा नंतर कोणी किती वाईट दुरुस्ती केली, ते यावरून दिसतं. समारंभाआधी आम्ही ती सीट मूळच्या निळ्या दोऱ्यात नव्याने शिवून घेत आहोत."

मी ब्रोन्याला फोन केला.

"वाचलंस?"

"चष्मा सापडत नाही. वाच."

मी वाचून दाखवलं.  

"दर्जा घसरला म्हणे," ती म्हणाली. "मला घ्यायला ये. आणि तुझी ती उसवायची सुरी आण."

"मारामारी करायला चाललोय का?"

"बघू. त्याच्यावर आहे."

संग्रहालयात दुपारी कोणी नव्हतं. गाडीभोवती लाल दोरखंड लावलेला होता. ब्रोन्याने काठीच्या टोकाने त्याची कडी काढली आणि दार उघडून चालकाच्या जागेवर बसली. मी दुसऱ्या बाजूने गेले. सीट तशीच होती, एकसंध लांब बाक, निळं कापड, कडेला निळ्या रेक्झिनचा गोट, आणि त्याच्या काठाने हिरवट शिवण. मी तिच्यावरून बोट फिरवलं. एकही टाका हललेला नव्हता.

लिंडक्विस्ट धावत आला. पस्तिशीचा असेल. हातात पांढरे सुती हातमोजे धरलेले होते.

"बाई, कृपा करून उतरा. ही वस्तू प्रदर्शनातली आहे."

"आम्हीही त्याच कारखान्यातल्या आहोत," ब्रोन्या म्हणाली. "आम्हालाही दोरखंड लाव."

"मला पहारेकऱ्याला बोलवावं लागेल."

"बोलव. माझे दोन्ही खुबे नवे बसवलेत. ओढलंत तर हातात येतील."

त्याने माझ्याकडे पाहिलं. दोघींमध्ये मी समंजस दिसते, असा लोकांचा समज होतो.

"मी मिसेस कोवाच," मी म्हटलं. "ही सीट मी शिवली. उसवू नका, एवढंच सांगायला आलोय. ऐकून घ्या, मग उतरतो."

तो उभाच राहिला, म्हणून मी सांगितलं.

त्या आठवड्याच्या सोमवारीच बँकेच्या माणसांनी कोठाराला सील ठोकलं होतं. हातात होतं तेवढ्यावर काम उरकायचं. शुक्रवारी, कारखान्याच्या शेवटच्या दिवशी, साडेअकराला निळा दोरा संपला, आणि शेवटच्या गाडीची पुढची सीट माझ्या मशीनवर अर्धी शिवायची राहिली होती. खात्यातल्या दोनशे मशिनांपैकी एकावरही निळा दोरा नव्हता. आम्ही बॉबिनी उलट्या करकरून पाहिल्या.

आमचा फोरमन ऑर्व्हिल टटल आला. माणूस वाईट नव्हता, फक्त थकलेला होता. म्हणाला, "कव्हर ताणून बसवा आणि पिना मारा. ही गाडी कोणी विकत घेणार नाही, पोरींनो. फोटो काढायचा आणि झाकून ठेवायची."

ब्रोन्या म्हणाली, "ऑर्व्हिल, तुझी पँट उसवली तर पिना मारतोस का?"

"ब्रोन्या, आज तरी नको."

"आजच. उद्या टोमणा कुठे येऊन मारणार?"

खिडकीजवळ दाराला अडसर म्हणून एक मोठं रीळ ठेवलेलं असायचं. फौजेच्या ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचा हिरवा दोरा. जाड, मेण लावलेला. ब्रोन्याने ते उचलून माझ्यासमोर आणून ठेवलं. मी म्हटलं, रंग जुळत नाही. ती म्हणाली, "रंग त्यांचा गेला. टाका आपला आहे."

मी आधी शिवलेलंही सगळं काढलं. अर्धी निळी, अर्धी हिरवी सीट मला चालणार नव्हती. गोटाची नवी पट्टी घेतली. रेक्झिन अजून थोडं शिल्लक होतं. त्या दोऱ्याला सुई दोन नंबर मोठी लागते आणि मशीनचा ताण सैल करावा लागतो. माझ्या तीन सुया मोडल्या. ब्रोन्या समोरून कापड ओढून धरत होती. साडेतीनला भोंगा झाला, शेवटचा भोंगा. रोज तो झाला की जिन्यावर धडधड सुरू व्हायची. त्या दिवशी चौथ्या मजल्यावरून कोणी हललं नाही. दोनशे बायका कोट घालून, पर्स हातात घेऊन माझ्या मशीनभोवती उभ्या होत्या. चार वाजून दहा मिनिटांनी मी दोरा कापला. ऑर्व्हिलने सीट स्वतः उचलून नेली.

"छान आठवण आहे," लिंडक्विस्ट म्हणाला. तो खरंच मऊपणे बोलला, पण त्याचा तो मऊपणाच मला झोंबला. "पण मिसेस कोवाच, कंपनीच्या कागदांत या सीटला निळा दोरा लिहिलेला आहे. ही गाडी एकोणीस वर्षं ओहायोत एका विक्रेत्याकडे पडून होती. आमच्या तज्ज्ञांचं म्हणणं आहे की तिथे एखाद्या तंबूवाल्याने ती पुन्हा शिवली असावी. हा दोरा तंबूचाच आहे."

"ताडपत्रीचा," ब्रोन्या म्हणाली. "कान आहेत का तुला?"

"पुरावा काय? मला संग्रहालयाच्या मंडळाला पुरावा द्यावा लागतो."

मी ब्रोन्याकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

"रेक्झिन," मी म्हटलं. "कापडाला सुईचं भोक पडतं आणि बुजतं. रेक्झिनचं कधी बुजत नाही. निळ्याचे टाके आम्ही इंचाला दहा घालायचो, बारीक सुईने. हिरव्याचे सहा आहेत, मोजून पाहा. ही सीट आधी कधी निळ्यात शिवली असेल, तर मोठ्या भोकांच्या मधे बारीक भोकं दिसतील. मी चार बोटं उसवते. दिसली, तर आम्ही उतरू आणि तुम्ही पाहिजे त्या दोऱ्यात शिवा. मी शनिवारी येऊन टाळ्याही वाजवीन."

"आणि नाही दिसली तर?"

"तर शिवणीला हात लावायचा नाही."

त्याने थोडा विचार केला. मग हातमोजे घालून आतून एक भिंग घेऊन आला. खरं सांगायचं तर मला त्याचा तेव्हा जरा आदर वाटला.

सुरी टाक्याखाली घातली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. गोटाची पट्टी मी नवी घेतली होती ना? की घाईत जुनीच फिरवली? पन्नास वर्षांची गोष्ट. आठवण खोटं बोलत नाही असं मी सगळ्यांना सांगत आले, पण माझ्या आईला शेवटी शेवटी तिचं स्वतःचं लग्न पावसात झालं असं आठवायचं, आणि ते जानेवारीत झालं होतं. बारीक भोकं निघाली असती तर माझ्या एकटीचं हसं झालं नसतं. त्या कोट घालून उभ्या राहिलेल्या दोनशे जणींचं झालं असतं, आणि त्यांतल्या एकशे ऐंशी तरी आता उत्तर द्यायला नाहीत.

"घाबरलीस?" ब्रोन्याने विचारलं.

"नाही."

"मग सुरी थांबली कशाला?"

"तुझी सावली पडते. सरक, आणि गप्प बस."

पहिला टाका तुटायला तयार नव्हता. दुसराही नाही. लिंडक्विस्ट म्हणाला, "मी करू का?" मी म्हटलं, "तुम्ही बघा." चार बोटं उसवायला मला दहा मिनिटं लागली. मग गोटाची कड उलटी केली आणि मागे सरकले. मी स्वतः आधी पाहिलं नाही. त्याला पाहू दिलं.

तो सीटवर गुडघा टेकवून वाकला. भिंग इकडून तिकडे नेलं, परत आणलं. मोबाइलचा दिवा लावला आणि पुन्हा पाहिलं.

"एकच रांग आहे," तो म्हणाला.

"मोठ्याने सांग," ब्रोन्या म्हणाली. "मला कमी ऐकू येतं."

"एकच रांग आहे. मोठी भोकं. मधे काही नाही."

मग मी पाहिलं. सुईची भोकं सरळ रेषेत होती, एकाही ठिकाणी वाट सोडलेली नाही. माझ्या शिवणीला ओढ्याची वाट म्हणणारी बाई शेजारीच बसली होती. तिनेही चष्मा वर करून पाहिलं आणि या वेळी उसवायला लावलं नाही. तिच्याकडून एवढं कौतुक मला कधीच मिळालं नव्हतं.

लिंडक्विस्टने खिशातून वही काढली. "मी मंडळाशी बोलतो. सीट तशीच राहील. पाटीवर खुलासा द्यावा लागेल, नाहीतर लोक विचारतील. 'दोऱ्याच्या तुटवड्यामुळे कामगारांनी पर्यायी...'"

"तुटवडा नव्हता," मी म्हटलं. "दोरा कोठारात होता. कोठाराला कुलूप होतं."

त्याने खोडलं. "'अखेरच्या घाईगर्दीत...'"

"घाई त्यांना होती. आम्ही चाळीस मिनिटं जास्त थांबलो."

त्याने तेही खोडलं. "मग तुम्हीच सांगा."

"लिहा. 'पुढची सीट, शिवणखातं, चौथा मजला. कोठार बंद असल्याने ताडपत्रीच्या दोऱ्यात शिवली. पाळी साडेतीनला संपली, काम चार दहाला.' बस. दर्जाचं काही लिहू नका. ज्याला कळतं त्याला दिसेल."

त्याने लिहून घेतलं, मोठ्याने वाचून दाखवलं. 'असल्याने' ऐवजी 'केल्याने' करा, असं ब्रोन्याने सांगितलं. कोठार आपोआप बंद होत नाही, कोणीतरी करतं. त्याने तेही केलं.

"आणि हे उसवलेलं?" त्याने विचारलं. "शनिवारी दोनशे लोक येणार आहेत. तुम्ही शिवून द्याल? आमच्याकडे खाली मशीन आहे. रंगाला जुळणारा दोरा मी मागवतो."

क्षणभर मोह झाला, खोटं कशाला बोलू. पायाखाली पुन्हा एकदा मशीन, बोटांत ते कापड.

"नको," मी म्हटलं. "चार बोटं उघडीच राहू देत. पाटी वाचून ज्याला खरं वाटणार नाही, त्याला भिंग द्या."